लहान आगगाडी आणि तिच्या भोंवतालचा मुलूख



खेळांतील आगगाडी रुळांवरून धांवूं लागली म्हणजे लहानथोर सर्वांचेंच लक्ष तिच्याकडे वेधतें. परंतु घटकाभरानें असें आढळून येतें कीं, गाडी तीच, रूळ तेच आणि फेराही तोच. मग पाहणाराचें मन दुसरीकडे वळूं लागतें. त्याच गाडीच्या वाटेवर एखादी टेकडी, ओढ्यावरील मोरी, भाताचीं खाचरें, फाटकापाशीं खोळंबलेली बैलगाडी असें कांहीं असेल, तर ती गाडी कोठून तरी निघून कोठें तरी जात आहे असें वाटूं लागतें. गाडीला गति यंत्र देतें, पण तिला गांव देतो तो भोंवतालचा देखावा. हा देखावा खरा वाटेल अशा रीतीनें कसा उभारावा, हें या लेखांत क्रमानें सांगावयाचें योजिलें आहे.

या छंदाचा इतिहास फार प्राचीन नाहीं. जर्मनींतील मेर्कलिन या कारखान्यानें १८९१ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत ठराविक मापांच्या रुळांचे संच मांडले, व तेव्हांपासून एका संचाला दुसरा जोडून मार्ग वाढवितां येऊं लागला. त्याच देशांत हाम्बुर्ग येथें २००१ सालीं लघुरेल्वेचें एक प्रचंड प्रदर्शन उघडण्यांत आलें असून देशोदेशींचे लोक तें पाहावयास जातात. आपल्याजवळचें उदाहरण हवें असेल तर तें पुण्याचें आहे. तेथें कर्वे रस्त्यावर, कोथरुड भागांत, कै. भाऊसाहेब जोशी यांनीं आपल्या आयुष्यभराच्या छंदांतून उभें केलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं सुरू झालें. गाड्यांच्या भोंवतीं तेथें एक सबंध शहरच वसविलेलें आहे. पुण्यास जाण्याचा योग येईल त्यानें तें अवश्य पाहावें.

अशा कामाला लागणारें साहित्य बाजारांत पेट्यांतून तयार मिळतें. परंतु तें बहुधा युरोप-अमेरिकेंतील मुलुखाचें असतें. देवदारासारखीं टोंकदार झाडें, लांकडी घरें व हिरवींगार कुरणें यांच्यामधून जाणारी गाडी पनवेलकडे निघाली आहे असें कोणास तरी वाटेल काय? आपल्या रोडपालीच्या आसपासचा देखावा करावयाचा तर तो पेटींतून निघणार नाहीं. तो आपल्या डोळ्यांनींच शोधला पाहिजे.

प्रमाण

आरंभीं प्रमाण ठरवावें. जगांत सर्वांत अधिक प्रचलित असलेलें प्रमाण १:८७ हें असून त्याचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. युरोपांतील खऱ्या रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर आहे. त्यास ८७ नें भागिलें असतां हीच संख्या येते. आपल्या रुंद मार्गाचें अंतर मात्र १६७६ मिलिमीटर आहे. यावरून चतुर विद्यार्थ्याच्या ध्यानांत एक गोष्ट येईल. तेच बाजारी रूळ आपल्या मार्गासाठीं वापरले तर त्यांचें प्रमाण जवळजवळ १:१०० होतें. शाळेंतील मुलांना याहून सोयीचें प्रमाण तें कोणतें? खऱ्या जगांतील एक मीटर म्हणजे आपल्या फळीवरील एक सेंटिमीटर!

आतां मापें घेऊं. जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा सुमारें २१.३ मीटर लांब असतो, म्हणजे आपल्याकडे २१ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक. सिमेंटचा स्लीपर २.७५ मीटर लांब, म्हणजे २७ ते २८ मिलिमीटर. दोन स्लीपरांमधील अंतर सुमारें ६० सेंटिमीटर, म्हणजे ६ मिलिमीटर. विजेची तार रुळांपासून सुमारें साडेपांच मीटर उंच, म्हणजे साडेपांच सेंटिमीटर. साधारण उंचीचा मनुष्य साडेसोळा मिलिमीटरांचा होतो, म्हणजे दोन रुळांमधील अंतराएवढाच. दार, कुंपण, विहिरीचा कांठ, बैलगाडी, जें कांहीं कराल त्याच्याजवळ हा मनुष्य उभा करून पाहावा. जें माप चुकलें असेल तें तो तत्काळ दाखवून देईल.

बाजारांतील इंजिन १:८७ चें असल्यास तें या हिशेबानें थोडें थोराड पडतें. तेव्हां डबे तरी जाड कागदाचे घरीं करावे, आणि इंजिनाला लागूनच घरें उभीं करूं नयेत.

येथें एक अडचण उभी राहते. चोवीस डब्यांची गाडी याही प्रमाणांत पांच मीटरांहून लांब होते. तेवढी तर आपली खोलीही नसते. म्हणून संक्षेप केलाच पाहिजे. मात्र तो संख्येंत करावा, मापांत करूं नये. चोवीस डब्यांऐवजीं चार डबे चालतील, परंतु डबा आंखूड केलेला चालणार नाहीं. गांवांतील शंभर घरांऐवजीं सहा घरें चालतील, परंतु तीं बुटकीं नकोत.

साल, ऋतु आणि वेळ

पुष्कळ देखावे खोटे दिसतात ते हस्तकौशल्याच्या अभावानें नव्हे. त्यांत निरनिराळ्या काळच्या वस्तु एकत्र आलेल्या असतात. म्हणून कात्री हातीं धरण्यापूर्वीं तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: कोणतें साल, कोणता ऋतु आणि दिवसाची कोणती वेळ.

समजा, आपण १९७५ सालची रोडपाली करीत आहों. त्या सुमारास सिडको स्थापन होऊन पांच वर्षें झालीं होतीं. परंतु कळंबोलीची वसाहत व लोखंडाचा बाजार अद्याप उभे राहावयाचे होते. दिव्याहून पनवेलकडे येणाऱ्या मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या. मुंबई-पुणे द्रुतगति मार्ग पुढें २००२ सालीं पुरा झाला. तेव्हां त्याचा कठडाही आपल्या देखाव्यांत येतां कामा नये. याउलट आजची रोडपाली करावयाची असेल तर उंच इमारती, मालमोटारींच्या रांगा, पोलादाच्या गुंडाळ्या आणि रुळांवरील तारा यांना जागा दिलीच पाहिजे. दोन्ही देखावे आपापल्या जागीं खरे आहेत. त्यांची मिसळ मात्र खोटी होय.

ऋतूचेंही तसेंच आहे. आषाढांत खाचरांत पाणी उभें असतें व त्यांत आकाश दिसतें. आश्विनाच्या अखेरीस भात पिवळें होतें. मार्गशीर्षांत धसकटें आणि पेंढ्याचीं उडवीं उरतात. चैत्रांत जमीन भेगाळते, राबाचे काळे चौकोन दिसतात, आणि फुलून गेलेल्या पांगाऱ्यावर पान नसतें. एकाच फळीवर हिरवें भात व फुललेला पांगारा आला तर आगरी शेतकऱ्याला हंसूं येईल.

जमिनीची घडण

पुष्कळ जण प्रथम हिरवा रंग हातीं घेतात. तसें न करितां प्रथम जमीन घडवावी. आपल्या पूर्वेस प्रबळगड व माथेरान यांचे डोंगर दिसतात, दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्यांकडे नीट पाहिलें असतां दिसून येईल कीं, डोंगराच्या कुशींत एकावर एक आडवे थर आहेत: एक सरळ कडा, त्याखालीं उतरण, पुन्हां कडा, पुन्हां उतरण. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरत गेले व थिजले, त्यांचे हे थर आहेत. युरोपीय भूशास्त्रज्ञांनीं या खडकास ‘ट्रॅप’ म्हटलें तें जिन्याच्या पायरीवरून.

हें ज्ञान आपल्या फारच उपयोगाचें आहे. खोक्यांचे जुने पुठ्ठे आडवे कापून एकावर एक चिकटवीत गेलें कीं सह्याद्रीचा डोंगर आपोआप आकारास येतो. कांहीं थरांची कड सरळ ठेवावी, कांहींवर कागदाचा लगदा उतरता लिंपावा. लगदा कालवितांना खळीमध्यें चिमूटभर मोरचूद घातल्यास कसर व झुरळें लागत नाहींत, म्हणून पुस्तकें बांधणारे तो घालीत असत. परंतु मोरचूद विषारी आहे. तो शिक्षकांच्या देखरेखीखालींच वापरावा व नंतर हात धुवावेत.

रोडपालीची जमीन मात्र डोंगराळ नाहीं. ती खाडीलगतची सखल भूमि आहे. येथें रूळ डोंगर पोखरून जात नाहींत, तर मातीच्या भरावावरून जातात. म्हणून फळीच्या पातळीवर रूळ ठोकून न टाकतां ते दोन-तीन सेंटिमीटर उंच अशा पट्टीवर ठेवावे, तिच्या दोन्ही अंगांना उतार द्यावा, आणि जागोजाग पाणी जाण्यासाठीं मोऱ्या ठेवाव्या. एवढ्यानेंच देखावा निम्मा खरा होतो. सपाट फळीवर चिकटलेले रूळ खेळण्यासारखे दिसतात, कारण खरे रूळ पाण्याला भिऊन नेहमीं उंचावर राहतात.

चढाचा मोह आवरावा. बोरघाटांतील मार्ग १८६३ सालीं सुरू झाला, त्याचा तीव्रांत तीव्र चढ ३७ स एक असा आहे. या मानानें एका रुळावरून दुसरा नेण्यासाठीं सात सेंटिमीटर चढावयाचें तर अडीच मीटरांहून अधिक लांबी हवी. ज्याच्या फळीवर तेवढी जागा नाहीं त्यानें रूळ सपाटच ठेवावे. खाडीकांठच्या मार्गाला तेंच शोभतें.

माती, खडी व पाणी

माती रंगविण्यापेक्षां खरी मातीच वापरणें उत्तम. ती वाळवून, कुटून, चहाच्या गाळणींतून चाळून घ्यावी. मात्र दोन गोष्टी विसरूं नयेत. खाजणांतील मातींत मीठ असतें. तें पावसाळ्यांत दंव ओढून घेतें व रुळांस आणि तारांस गंज चढवितें. म्हणून ती माती दोन-तीनदां गोड्या पाण्यानें धुऊन मग वाळवावी. दुसरें असें कीं, काळ्या दगडापासून झालेल्या मातींत व वाळूंत लोहचुंबकास चिकटणारे कण असतात. इंजिनाच्या मोटारींत चुंबक असतो. तो ते कण ओढून घेतो व यंत्र बिघडतें. यास्तव चाळलेल्या मातींतून कागदांत गुंडाळलेला चुंबक चार वेळां फिरवावा. कागदावर जे काळे केसाळ झुपके जमतील ते पाहून भौतिकशास्त्राचा एक धडाही आयताच मिळेल.

रुळांखालील खडी खऱ्या मार्गावर अधिकांत अधिक ६५ मिलिमीटरांची असते, म्हणून आपल्याकडे ती अर्ध्या मिलिमीटराच्या आसपास हवी. दगडाच्या खाणीवरील कच चाळून घेतल्यास तो बरोबर या मापाचा मिळतो, आणि आपल्याकडील खडीही त्याच काळ्या दगडाची असल्यानें रंगही जुळतो. कोरडा कच स्लीपरांमध्यें पसरून ब्रशानें सारखा करावा, त्यावर पाण्याचा बारीक तुषार उडवावा, आणि मग पाण्यांत पातळ केलेला पांढरा डिंक थेंबाथेंबानें सोडावा. रुळांचा माथा लगेच पुसून चकचकीत ठेवावा. त्यांच्या बाजू मात्र गंजाच्या तपकिरी रंगानें रंगवाव्या. रोज चाके फिरतात तो माथाच तेवढा उजळतो, ही गोष्ट फलाटावरून कोणासही दिसेल. हें सर्व करण्यापूर्वीं गाडी आठ-दहा दिवस चालवून पाहावी. खडी चिकटल्यावर रूळ दुरुस्त करणें फार कष्टाचें होतें.

खाडीचें पाणी दाखविण्यासाठीं आरसा ठेवण्याची एक जुनी रीत आहे. ती डोंगरांतील निवळ तळ्यास शोभेल. आपल्या खाडीस शोभत नाहीं. हें पाणी गढूळ, मातकट हिरवें असतें व तळ दिसत नाहीं. म्हणून मध्यभागीं गडद व कांठाकडे फिकट असा मातकट रंग देऊन, तो वाळल्यावर स्वच्छ वार्निशचे चार-पांच पातळ हात द्यावेत, आणि प्रत्येक हात पुरा वाळूं द्यावा. ओहोटीची वेळ निवडल्यास अधिक चांगलें. कारण मग ओल्या चिखलाची चमक, त्यांतील वांकडेतिकडे पाझर आणि कललेली होडी हीं सर्व दाखवितां येतात.

झाडें व शेतें

झाडांसाठीं विकतची एकही वस्तु लागत नाहीं. वेलीवर वाळलेलें घोसाळें घेऊन त्याची साल व बिया काढाव्या. आंतील जाळीचे तुकडे म्हणजे पानांच्या झुपक्यांचे उत्तम सांगाडे होत. जळलेल्या मोटारीच्या गुंडाळींतील तांब्याच्या वीस-पंचवीस तारा एकत्र पिळून खोड करावें, वर त्या दोन-दोन चार-चार अशा विलग करून फांद्या कराव्या. खोडास लगदा व राखाडी रंग द्यावा, आणि फांद्यांना जाळी चिकटवून तिजवर रंगविलेला लांकडाचा भुसा भुरभुरावा.

भुसा एकाच हिरव्या रंगाचा करूं नये. तीन वाट्या घेऊन एकींत पिवळट, दुसरींत काळपट व तिसरींत तांबूस झांक द्यावी. आंब्याचें झाड गोल घुमटासारखें व काळपट. चिंचेचें पसरट, आणि तिची पालवी बारीक. ताड म्हणजे सरळ खांब आणि वर पंखे. खाडीकांठचे तिवर मात्र चार-पांच सेंटिमीटरांहून उंच करूं नयेत. त्यांच्या भोंवतीं चिखलांतून वर आलेलीं श्वसनमुळें असतात. जुन्या ब्रशाचे केस दोन मिलिमीटर उंचीवर कापून तीं दाखवावींत. या बारीक खुणेवरूनच पाहणारा ओळखतो कीं ही झुडपें कोणतींही नव्हेत, तिवरच आहेत.

उभें भात एक मीटरच्या आसपास असतें. जुन्या लोकरी टॉवेलचा तुकडा पिवळसर रंगवून, ओला असतांनाच कंगव्यानें विंचरून ठेवल्यास तें साधतें. खाचरांचे बांध मात्र पट्टीनें आंखूं नयेत. ते जमिनीच्या उतारास धरून वळतात. सर्व रंग प्रत्यक्षाहून किंचित् फिके ठेवावेत. कारण आपण फळीपासून एक मीटरवर उभे असलों तर तें शंभर मीटरांवरून पाहण्यासारखें आहे, आणि अंतरानें रंग फिका होतो.

झांकणें आणि दाखविणें

देखाव्याला एक गुप्त कामही करावें लागतें. आपल्या रुंद मार्गावरील तीव्रांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर असते, म्हणजे आपल्या फळीवर पावणेदोन मीटर. बाजारांतील वळणें मात्र छत्तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर त्रिज्येचीं असतात. तीं उघडीं ठेवल्यास सर्व देखावा फुकट जातो. म्हणून वळणें टेकडीमागें, दाट आमराईमागें किंवा इमारतींच्या रांगेमागें लपवावींत, आणि सरळ भाग तेवढा पुढें ठेवावा. लपविलेल्या भागास मागून हात जाईल एवढी मोकळी जागा अवश्य ठेवावी, कारण गाडी घसरते ती नेमकी तेथेंच.

कर्नाळ्याचा किल्ला चारशें मीटरांहून उंच आहे. आपल्या प्रमाणांत तो चार मीटरांहून उंच होऊन छतास लागेल! तेव्हां दूरचे डोंगर फळीमागील कागदावर रंगवावेत. जवळचा डोंगर हिरवा, त्यामागचा राखाडी-निळा, त्याहून मागचा आकाशाशीं जवळजवळ मिसळणारा. कागदाचा कोपरा काटकोनांत न दुमडतां गोलाईनें वळवावा, म्हणजे आकाशाला घडी पडत नाहीं.

हें कशासाठीं?

एवढा खटाटोप एका खेळण्यासाठीं कशास, असें कोणी विचारील. त्यास एका मनुष्याची हकीकत सांगतों. रॉय इंग्लंड नांवाचा एक तरुण १९२५ सालीं ऑस्ट्रेलियांतून इंग्लंडांत आला. ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येस एक खोरें आहे. तेथील गवती छपरांचीं जुनीं घरें पाहून तो मोहून गेला. परंतु लौकरच त्याला दिसलें कीं हीं घरें एकामागून एक पालटलीं जात आहेत. हा पालट थांबविणें त्याच्या हातीं नव्हतें. म्हणून त्यानें ती खेडीं व तेथील रेल्वे मोजून, टिपून, १:७६ या प्रमाणांत कागदा-पुठ्ठ्याचीं करण्याचा निश्चय केला. त्यांतूनच १९५४ सालीं पेंडन येथील संग्रहालय निघालें. तेथें साहाय्यकांच्या पिढ्यांनीं तें खोरें १९२० ते १९४० च्या दरम्यान जसें होतें तसें उभें केलें आहे. खऱ्या खोऱ्यांत पुष्कळ पालट झाला. फळीवर तें अजून पाहावयास मिळतें.

आपल्या मुलुखाचा पालट तर त्याहून जलद आहे. आपल्या शेजारींच नवी मुंबईचा विमानतळ व्हावा म्हणून उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यांत आली व नदीचा प्रवाह वळविण्यांत आला. ज्या मुलांनीं ती टेकडी पाहिली नाहीं त्यांना ती कशी होती हें नकाशांतील वळ्यांवरून कितीसें समजणार? रोडपालीच्या भोंवतालीं जीं खाचरें व खाजणें होतीं त्यांवर भराव पडून वसाहत उभी राहिली. २०१६ सालीं पनवेल महानगरपालिका झाली आणि रोडपाली तिच्यांत आली. या वसाहतींत आपलीं घरें आहेत, शाळा आहेत, उद्योग आहेत. तिचा तिटकारा करण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्याखालीं काय होतें हें आपल्या पिढीनें विचारून ठेविलें नाहीं, तर पुढच्या पिढीला सांगणारा कोणी उरणार नाहीं.

म्हणून येत्या सुटींत चार-पांच जणांनीं मिळून एवढें करावें. एक मोजपट्टी व एक वही घ्यावी. गांवांतील वडीलधाऱ्या आजोबा-आजींजवळ बसून बांध कोठून जात होता, उघाडी कोठें होती, होडी कोठें लागत असे, विहिरीला किती पायऱ्या होत्या, हें विचारावें व तेथल्या तेथें आराखडा काढून त्यांना दाखवावा. ते चूक दुरुस्त करतील. जुनीं घरें उरलीं असतील त्यांचीं दारें-खिडक्या मोजाव्या, आणि कौलांचा रंग टिपून ठेवावा. रेल्वेचें निरीक्षण मात्र फलाटावरूनच करावें. रुळांवर उतरणें जिवास धोक्याचें असून कायद्यानें गुन्हाही आहे. मग एक मीटर लांब व अर्धा मीटर रुंद अशी एकच फळी घेऊन तेवढाच तुकडा करावा. गाडी तिच्यावरून धांवली नाहीं, नुसती उभी राहिली, तरी चालेल.

काम पुरें झालें म्हणजे फळीच्या पाठीमागें शाईनें स्पष्ट लिहावें: गांवाचें नांव, दाखविलेलें साल व ऋतु, केल्याची तारीख, ज्यांनीं माहिती सांगितली त्यांचीं नांवें, आणि कोणती वस्तु मोजून केली व कोणती अंदाजानें. मग ती फळी शाळेच्या कपाटांत ठेवावी, म्हणजे पुढील वर्षीच्या मुलांना शेजारची दुसरी फळी तिला जोडतां येईल.